पिवळ्या दोऱ्याची सही

१

गुरुवारी सकाळी साडेनऊला परळच्या मेंडोन्सा बिल्डिंगमध्ये जिन्याखाली आरडाओरडा सुरू झाला आणि तिन्ही मजल्यांवरची माणसं हातातली कामं टाकून कठड्यावर ओणवी झाली. फुकटचा तमाशा असला की या बिल्डिंगीत कुणालाच ऑफिसला उशीर होत नाही.

दुसऱ्या मजल्यावरून यशोदाबाई त्रिलोकेकरही खाली बघत होत्या. पण त्या माणसांकडे बघत नव्हत्या, कापडाकडे बघत होत्या. वय एकाहत्तर. त्यातली चौतीस वर्षं लोअर परळच्या एका लोकरीच्या गिरणीत मेंडिंग खात्यात गेली. विणताना राहिलेलं भोक सुईने असं भरायचं की विणणाऱ्यालाही सापडू नये, हे त्यांचं काम. ‘आपल्या पाठारे प्रभूंच्या घरातली मुलगी गिरणीत?’ म्हणून गिरगावातल्या माहेरच्यांनी नाकं मुरडली होती. “दोन पिढ्यांनी कचेरीत लेखण्या झिजवल्या आणि भाडी खाल्ली,” यशोदाबाई म्हणायच्या, “पण एकाला साधं बटण लावता येईल तर शपथ.”

खाली पहिल्या मजल्यावरचा फ्लॉयड परेरा इस्त्रीवाल्या रामूच्या अंगावर धावून जात होता.

“माझ्या डॅडचा किल्ट जाळलास तू! कळतंय का काय होतं ते? ओरिजिनल स्कॉटिश लोकर. तुझं अख्खं खानदान विकलं तरी भरून येणार नाही.”

किल्ट म्हणजे स्कॉटलंडातले पुरुष कमरेला नेसतात तो चौकड्यांचा जाड लोकरी घोळ. मागे चुण्या आणि पुढे एकावर एक दोन पदर. हा किल्ट फ्लॉयडच्या आजोबांना त्यांच्या गिरणीतल्या स्कॉटिश विणाई-मास्तरने मायदेशी परतताना दिला होता. पुढे फ्लॉयडचे वडील लिओनार्ड यांनी पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, पाइप बँडमध्ये पन्नास वर्षं तो नेसून बॅगपाइप वाजवली. मे महिन्यातही नेसायचे, आणि घामाची तक्रार कधी केली नाही. गेल्या वर्षी लिओनार्ड गेले. येत्या रविवारी त्यांचं वर्ष. त्या दिवशी नात जेनेल तोच किल्ट नेसून त्यांच्या कबरीपाशी वाजवणार होती. म्हणून काल तो रामूकडे इस्त्रीला दिला होता, आणि आज त्याच्या चुण्यांवर तळहाताएवढा जळका डाग होता.

“शनिवारी सोसायटीची मीटिंग आहे,” फ्लॉयड म्हणाला. “हे टेबल इथून उठलं पाहिजे. कायमचं.”

शेजारी उभ्या सेक्रेटरी हर्षवर्धनने मान डोलावली. जरा जास्तच चटकन डोलावली.

रामू काही बोलत नव्हता. त्याच्या बापाने या जिन्याखाली इस्त्री केली, त्याने स्वतः अठ्ठावीस वर्षं केली. ते टेबल उठलं की त्याला या शहरात उभं राहायला दुसरी जागा नव्हती.

“आणि हे जळकं घरात नको मला,” म्हणत फ्लॉयडने किल्ट कचऱ्याच्या डब्यावर फेकला.

यशोदाबाई सावकाश जिना उतरल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली, कारण त्यांच्या जिभेला सगळे भीत. त्यांनी किल्ट उचलला, जळक्या डागावरून अंगठा फिरवला, आणि मग तसाच अंगठा धरून उभ्या राहिल्या.

डाग कडक होता. गुळगुळीत होता, चकाकत होता.

चौतीस वर्षांत त्यांनी लोकर करपलेली पाहिली होती, पिवळी पडलेली पाहिली होती, जळून राख झालेली पाहिली होती. लोकर वितळलेली मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती.

२

वर जाऊन त्यांनी किल्ट टेबलावर पसरला आणि दहा मिनिटं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं खात्यात कामचुकार पोरीकडे पाहायच्या.

पहिली गोष्ट वजन. नोव्हेंबरात लिओनार्डचा किल्ट त्यांच्या मांडीवर आठवडाभर होता. आठ यार्ड कापड, उचलताना मनगट दुखायचं. हा एका हाताने झटकता येत होता. दुसरी गोष्ट खालची कड. अस्सल किल्टला खाली दुमड नसते, कापडाचा विणलेला काठच खाली येतो. याला शाळेच्या युनिफॉर्मसारखी दुमडून मशीन मारलेली. तिसरी गोष्ट चुण्या. अस्सल किल्टमध्ये कापड अशा बेताने दुमडतात की चुण्या पडल्यावरही मागची चौकडी अखंड दिसते. इथे हिरव्या पट्ट्याला निळा भेटला होता आणि निळ्याला कुणीच भेटलं नव्हतं.

त्यांनी कडेचा एक धागा उपटून काडी लावली. लोकर जळली की जळक्या केसांचा वास येतो आणि बोटांत चुरडणारी राख होते. इथे घाण वास सुटला आणि धाग्याच्या टोकाला काळी टणक गोळी उरली.

“अ‍ॅक्रिलिक,” यशोदाबाई म्हणाल्या. हा शब्द त्या शिवीसारखा उच्चारत.

मग त्यांनी रामूला वर बोलावलं आणि चहा दिला.

“काय झालं नीट सांग.”

“ओला फडका टाकून इस्त्री चालवली बाई, दरवर्षीसारखी. मग चुण्यांच्या कडा बसवायला फडका काढला. लोकर असेल तर इतक्या तापाला कायच होत नाय. पण हे चिकटलं. गम लावल्यासारखं. तेव्हाच मला कळलं, ये वो माल नहीं है.”

“मग तिथे बोलला का नाहीस?”

रामूने कपातल्या चहाकडे पाहिलं. “बोलायला कुणी विचारलं कुठे? तुम्ही पयल्या.”

आणि खरंच, सकाळपासून बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी रामूला काय काय सुनावलं, पण ‘काय झालं’ एवढं कुणी विचारलं नव्हतं. यशोदाबाईंना आपल्या शेजाऱ्यांविषयी फार आदर कधीच नव्हता. होता तोही कमी झाला.

तर लिओनार्डचा किल्ट रामूकडे आलाच नव्हता. लिओनार्डच्याच घरच्या पेटीतून ही नक्कल आली होती. मग अस्सल कुठे होता?

३

मार्गारेट परेरा शहात्तर वर्षांच्या. लिओनार्ड गेल्यापासून हॉलमधल्या खुर्चीतून फारशा उठत नसत. जळका कपडा पाहून त्या रडल्या नव्हत्या, पण तेव्हापासून जेवल्याही नव्हत्या.

“यशोदाबाय, मी त्याला काय सांगू गो?” त्या म्हणाल्या. “तो म्हणायचा, मार्गारेट, माझ्यामागे जेनेलला दे, आणि कसर लागू देऊ नको. एवढंच मागितलं त्याने.”

“पेटीची किल्ली?”

“अल्टारमागे, येशूच्या तसबिरीपाठी, खिळ्याला. घरात सगळ्यांना माहीत.”

“या वर्षात किल्ट पेटीबाहेर कधी कधी निघाला?”

जेनेल आजीच्या पायाशी बसली होती. एकोणीस वर्षांची, आजोबांसारखीच रुंद जिवणी. तिने बोटांवर मोजलं. “ऑगस्टमध्ये हर्षवर्धन अंकलनी नेला. बिल्डिंगला पंचाहत्तर वर्षं झाली तर स्मरणिकेत फोटो छापायला. चार दिवसांनी परत दिला. मग नोव्हेंबरात आम्ही ऊन दाखवायला काढला, तेव्हा कसर सापडली. तुमच्याकडे मीच आणला ना, आंटी.”

आतल्या पदराला बोटभर भोक पडलं होतं. यशोदाबाईंनी त्याच किल्टच्या शिवणीतले धागे काढून ते भरलं होतं.

“हे फ्लॉयडला ठाऊक आहे?”

मार्गारेट खजील झाल्या. “नाही सांगितलं. तो आधीच म्हणायचा, मम्मी, तुला सांभाळता येत नाही, दे मला. त्यात भोक दिसलं असतं तर झालंच. तो तेव्हा दुबईला होता. तो येईपर्यंत तू भरून देऊनपण टाकलास.”

“बरं. आणि डांबरगोळ्या? मी दोन पाकिटं दिली होती, दर दोन महिन्यांनी बदला म्हणून.”

“जानेवारीत एकदा टाकायला गेले, तर फ्लॉयड म्हणाला, राहू दे मम्मी, आता कशाला, वास मारतो नुसता. दुसरं पाकीट तसंच पडलंय.”

कसर लोकर खाते, प्लॅस्टिक खात नाही. यशोदाबाईंनी ती गोष्ट मनात एका बाजूला ठेवली. एका धाग्यावर कापड उभं राहत नाही.

तेवढ्यात जेनेल हळूच म्हणाली, “आंटी, हर्षवर्धन अंकलना जिन्याखालची जागा हवीये. कुरियरचे पार्सल ठेवायला. त्यांचा ऑनलाइन धंदा आहे.”

“कसला?”

“कपड्यांचा.”

४

हर्षवर्धन लोण्यासारखा माणूस, कुठेही लावा, पसरायचा.

“या ना काकू, बसा. रामूचं वाईट वाटतं हो मलाही. पण जागा सोसायटीची आहे.”

“आणि पार्सलं तुझी.”

“सगळ्यांचीच पार्सलं येतात, काकू.”

“किल्ट विकतोस?”

“किल्ट? या परळात? मी कुर्ते विकतो.” त्याने लॅपटॉप पुढे ओढला. “बघा, अख्खं दुकान बघा. आणि हे स्मरणिकेचे फोटो. पंधरा काढले होते, आतून बाहेरून. तारीख पण आहे, अठरा ऑगस्ट.”

यशोदाबाईंनी पंधराही फोटो बघितले. आतल्या पदराचा एक फोटो दोनदा बघितला आणि तो जेनेलच्या फोनवर मागवून घेतला. माणूस लोचट होता. पण लोचट असणं आणि चोर असणं यांत थोडं अंतर असतं.

संध्याकाळी जेनेलने फोनवर शोधाशोध केली. नकली किल्टच्या कमरपट्ट्याला कापलेल्या लेबलाचा तुकडा राहिला होता, त्यावर अर्धा मुकुट. तासाभरात तोच मुकुट सापडला. ‘लॉख अँड लॉर्ड’ नावाचं ऑनलाइन दुकान, पत्ता ‘मुंबई-लंडन’.

“वाच,” यशोदाबाई म्हणाल्या.

“ऑथेंटिक स्कॉटिश स्टाईल किल्ट...”

“थांब. जिथे ‘स्टाईल’ आली तिथे वस्तू नाही. पुढे.”

“शंभर टक्के प्रीमियम अ‍ॅक्रिलिक वूल...”

“अ‍ॅक्रिलिक वूल म्हणजे डालड्याचं साजूक तूप. पुढे.”

“एट यार्ड लुक.”

“आठ यार्ड बघायचे आणि पाच नेसायचे. वजन लिहिलंय?”

“नाही.”

“ज्याच्या कापडाला वजन असतं तो पहिलं वजन सांगतो. विणलंय कुठे ते?”

“‘इन्स्पायर्ड बाय द हायलँड्स’ एवढंच आहे.”

“म्हणजे भिवंडी. मागच्या चुण्यांचा फोटो दाखव.”

जेनेलने फोटो मोठा केला आणि यशोदाबाईंच्या चेहऱ्यावरची तुच्छता पहिल्यांदाच पुसली गेली. फोटोतल्या चुण्यांवर चौकडी अखंड होती. खाली दुमड नव्हती, विणलेला काठ होता. वर्णन नकलीचं आणि फोटो अस्सलाचा. शिकलेसवरलेले लोक याच फोटोला भुलून पैसे पाठवत होते. दोघांच्या तक्रारीही खाली होत्या, ‘फोटोत दिसतं ते आलं नाही’ म्हणून. पहिली फेब्रुवारीतली.

“अजून एक फोटो आहे, आतल्या बाजूचा,” जेनेल म्हणाली. “खाली लिहिलंय: प्रत्येक किल्टच्या आतल्या पदरावर स्कॉटिश विणकर पिढीजात पद्धतीने आपली सही करतो, पिवळ्या दोऱ्याचे तीन टाके.”

यशोदाबाईंनी फोन हातात घेतला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पडद्यावर बोट ठेवून ते टाके एकेक करून मोजले.

“आंटी, काय झालं?”

“काही नाही. चोर सापडला.”

५

शनिवारी संध्याकाळी पाचला गच्चीवर मीटिंग भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, आणि कोपऱ्यात आरोपी म्हणून उभा केलेला रामू. त्याला खुर्ची द्यावी असं कुणाला सुचलं नव्हतं. यशोदाबाईंनी स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि उभ्या राहिल्या.

“वेळ खाणार नाही. रामूने जे जाळलं ते लोकर नाही. ही काडी, हा धागा. ज्याला शंका असेल त्याने जाळून वास घ्यावा.”

हर्षवर्धनने घेतला आणि नाक धरलं.

“म्हणजे घरून आली तीच नक्कल. अस्सल आधीच गेला होता. तो या दुकानाच्या फोटोत आहे.” जेनेलने फोन फिरवला. “यात आतल्या पदरावर पिवळे तीन टाके आहेत. दुकानदार म्हणतो, स्कॉटिश विणकराची सही. कसला विणकर? ते टाके माझे आहेत.”

मागच्या रांगेतल्या खुर्च्या पुढे सरकल्या.

“आमच्या मेंडिंग खात्यात प्रत्येक बाईचा एक रंग ठरलेला असे. भोक भरलं की उलट्या बाजूला आपल्या रंगाचे तीन टाके घालायचे, म्हणजे काम कुणाचं ते तपासनिसाला कळावं. तपासून झालं की तो दोरा उपटून टाकायचा. माझा रंग पिवळा. नोव्हेंबरात मी तो उपटला नाही, कारण मला तपासणारं आता कुणी उरलं नाही. आता हिशोब करा. हर्षवर्धनने किल्ट ऑगस्टमध्ये परत केला. त्याच्या फोटोत हे टाके नाहीत, असणारही नाहीत. म्हणजे दुकानातला फोटो नोव्हेंबरानंतरचा. दुकानावरची पहिली तक्रार फेब्रुवारीतली, आणि रामूच्या हातात कपडा आला या बुधवारी. मार्गारेट आणि जेनेल यांना हे टाके कुणाचे ते पक्कं ठाऊक. त्या याला स्कॉटिश सही कशाला म्हणतील? उरला कोण? त्याच घरात राहणारा, अल्टारमागची किल्ली ठाऊक असलेला, पण कसर लागल्याचं ज्याला कधी कुणी सांगितलं नाही असा एकच माणूस. त्यानेच जानेवारीत आईला सांगितलं की डांबरगोळ्या नकोत. बरोबर आहे, प्लॅस्टिकला कशाला हव्यात? आणि जळका कपडा डब्यात टाकायची घाईही त्यालाच झाली होती.”

फ्लॉयड हसला. लोअर परळच्या टॉवरमध्ये ब्रँडिंगची नोकरी करणाऱ्या माणसाला हसता येतंच.

“आंटी, रिलॅक्स. ती ब्रँड स्टोरी आहे. सगळेच करतात. फोटोसाठी नेला होता, परत आणणारच होतो.”

“आणि या माणसाचं टेबल?” यशोदाबाई म्हणाल्या. “तेही ब्रँड स्टोरीत होतं? बापाचा कपडा चोरलास, परक्यांना फसवलंस, हे मी समजू शकते, नालायक माणसं असतातच. पण स्वतःची चोरी झाकायला इस्त्रीवाल्याचं पोट कापायला निघालास. आणि अक्कल इतकी की कसरीच्या भोकाला स्कॉटलंडची परंपरा म्हणून विकलंस.”

कुणीतरी मागे हसलं. मग फ्लॉयडचं हसू गेलं.

मार्गारेट बसल्या जागेवरून म्हणाल्या, “फ्लॉयड. कुठाय?”

“मम्मी, घरी बोलू.”

“कुठाय?”

“गोडाऊनला. पॅक केलाय.” त्याने खाली पाहिलं. “कॅनडाच्या एका कस्टमरला फोटोतलाच पीस पाहिजे. सोमवारी कुरियर येणार आहे.”

जेनेल उठून बापासमोर उभी राहिली. “ग्रँडपासाठी मी उद्या काय नेसणार होते, डॅडी? तुला माहीत होतं. रोज प्रॅक्टिस ऐकत होतास.”

फ्लॉयडने खिशातून गोडाऊनची किल्ली काढली.

“जा, घेऊन ये,” मार्गारेट म्हणाल्या. “पण आधी रामूला ज्या जागी बोललास त्या जागी सॉरी बोल. असंच, सगळी बघत असताना.”

सगळी बिल्डिंग पुन्हा कठड्यावर ओणवी झाली. फ्लॉयड पुटपुटला. “आवाज गुरुवारी बरा होता,” यशोदाबाई वरून म्हणाल्या, आणि त्याला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. दुकानाचं पान त्याने तिथेच, रामूच्या टेबलाला टेकून, जेनेलच्या देखत काढून टाकलं. कॅनडाच्या माणसाला तिनेच त्याच्याकडून खरं काय ते लिहवून घेतलं.

साडेआठला किल्ट आला. रामूने ओला फडका टाकून चुणी न् चुणी बसवली. आतल्या पदरापाशी आल्यावर थांबला, अंगठ्याने चाचपडला, दिव्यापुढे धरला.

“बाई, भोक होतं कुठे?”

“बघ सापडतंय का.”

त्याने बराच वेळ शोधलं. “नाय सापडत.”

“मग तो दोरा उपट,” यशोदाबाई म्हणाल्या. “तपासून झालं.”

६

रविवारी सकाळी चर्चमध्ये मासला निघताना मार्गारेट परेरांनी मुलाची पॅन्ट कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि त्याच्या हातात ती नक्कल दिली.

“मम्मी, मे महिना आहे.”

“तूच लिहिलंस ना, ऑथेंटिक. तुझ्या डॅडने पन्नास वर्षं नेसला. तू एक सकाळ नेस.”

फ्लॉयडने रामूकडे पाहिलं. रामू धुतलेला शर्ट घालून जिन्यापाशी उभा होता. त्याला मार्गारेटनी स्वतः बोलावलं होतं.

“याला जरा इस्त्री...” फ्लॉयड म्हणाला.

“इस्त्री नको साहेब,” रामू शांतपणे म्हणाला. “परत चिकटंल.”

सिमेटरीत जेनेल पुढे उभी राहिली. लिओनार्डचा किल्ट तिच्या गुडघ्यांवर जड, सरळ पडला होता, आणि ती वाजवायला लागली तेव्हा मार्गारेटनी गुरुवारपासून अडवलेलं रडू एकदाचं येऊ दिलं. तिच्या मागे फ्लॉयड उभा होता. अ‍ॅक्रिलिक वारा आत येऊ देत नाही आणि घाम बाहेर जाऊ देत नाही. त्याच्या पिंढऱ्यांवरून ओघळ वाहत होते, आणि मागचा कडक जळका डाग तडकून पडलेल्या भोकातून आतली निळी चड्डी सगळ्या पॅरिशला दिसत होती.

“काकू,” हर्षवर्धन यशोदाबाईंच्या कानाशी कुजबुजला, “जरा जास्तच झालं, नाही?”

यशोदाबाईंनी त्या भोकाकडे एकदा नीट, खात्यातल्या सवयीने पाहिलं.

“हे मला भरता आलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण असल्या कापडावर मी सुई धरत नाही.”